नंबर नको, माप विचारा : वापरलेले बूट ऑनलाइन घेताना

घराघरांत कपाटाच्या तळाशी एक-दोन जोड तरी पडून असतात. मुलाच्या पायाला दोन महिन्यांत लहान झालेले फुटबॉलचे बूट, एका ट्रेकसाठी घेतलेले जाड तळाचे बूट, अमेरिकेहून भाच्याने पाठवलेले पण पायात न बसलेले स्पोर्ट्स शूज. पूर्वी हे जोड नात्यातल्या कुणाला तरी दिले जात. आता ते ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस किंवा व्हॉट्सअ‍ॅप गटांवर विक्रीला येतात आणि बेळगावात बसून मुंबई, पुणे, बंगळूरचा जोड निम्म्याहून कमी किमतीत मागवता येतो.

यात गैर काही नाही. चांगल्या प्रतीचा, कमी वापरलेला बूट हा हलक्या प्रतीच्या नव्या बुटापेक्षा पुष्कळदा सरस असतो. मात्र दुकानात आपण बूट घालतो, चार पावले चालतो, नाही पटला तर दुसरा मागतो. ऑनलाइन जुना जोड घेताना यातले काहीच करता येत नाही. खासगी विक्रेता सहसा माल परत घेत नाही. पैसे गेले की गेले, आणि न बसणारा बूट पुन्हा आपल्याच कपाटाच्या तळाशी जातो. त्याहून वाईट म्हणजे ‘घेतलाच आहे तर घाल’ म्हणून तो मुलाच्या किंवा आजोबांच्या पायात जातो.

अशा फसगतीचे मुख्य कारण म्हणजे आपण नंबरावर विश्वास ठेवतो. म्हणून हा लेख एका साध्या नियमाभोवती लिहिला आहे. विक्रेत्याला नंबर विचारू नका, सेंटिमीटरमध्ये माप विचारा.

नंबर म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे दुकानात जो ‘सात नंबर, आठ नंबर’ चालतो, तो मुळात इंग्लंडचा. त्याचे एकक आहे जवाच्या दाण्याची लांबी, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, ८.४७ मिलिमीटर. आपल्याही जुन्या मोजमापात आठ यव म्हणजे एक अंगुळ असा हिशोब होता, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही. प्रौढांच्या इंग्लिश नंबरात २५ मिळवायचे आणि तीनने भागायचे, की इंच मिळतात. आठ नंबर म्हणजे ३३ भागिले ३, म्हणजे ११ इंच, साधारण २८ सेंटिमीटर.

पण २८ सेंटिमीटर ही पायाची लांबी नव्हे. ज्या साच्यावर बूट शिवतात, त्या फर्म्याची ती लांबी आहे. फर्मा पायापेक्षा साधारण दीड ते दोन सेंटिमीटर लांब असतो, कारण बोटांपुढे थोडी जागा लागते. ही जागा किती ठेवायची हे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते. तफावत सुरू होते ती इथेच.

युरोपचा नंबर, म्हणजे ४०, ४१, ४२ वगैरे, हाही फर्म्याचाच. त्याचे एकक दोन-तृतीयांश सेंटिमीटर. ४२ नंबर म्हणजे ४२ गुणिले दोन भागिले तीन, बरोबर २८ सेंटिमीटर. म्हणूनच यूके ८ आणि युरोप ४२ पुष्कळदा एकत्र छापलेले दिसतात. दोन्हींच्या पायऱ्या मात्र सारख्या नाहीत. एकीत ८.४७ मिलिमीटरची उडी, दुसरीत ६.६७ मिलिमीटरची. त्यामुळे सगळे नंबर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि कंपन्या आपल्या सोयीने वर-खाली करतात.

अमेरिकेचा नंबर वेगळा, आणि तिथे पुरुषांचा व स्त्रियांचा नंबर आणखी वेगळा. जपानी पद्धत यात सर्वांत सरळ. ती पायाचीच लांबी सेंटिमीटरमध्ये सांगते. स्पोर्ट्स शूजच्या लेबलवर ‘सीएम’ किंवा ‘जेपी’ यापुढे जो आकडा असतो, तो हाच.

याचा प्रत्यक्ष परिणाम पाहा. आदिदासच्या तक्त्यात यूके ८ म्हणजे २६.५ सेंटिमीटरचा पाय. नाइकीच्या पुरुषांच्या तक्त्यात यूके ८ म्हणजे २७ सेंटिमीटर. नंबर एकच, फरक अर्ध्या सेंटिमीटरचा. आता समजा विक्रेत्याने नाइकीच्या बुटापुढे नुसते ‘साइज ८’ असे लिहिले आहे. तो यूके ८ असेल तर २७ सेंटिमीटर, अमेरिकेचा पुरुषांचा ८ असेल तर २६, आणि अमेरिकेचा स्त्रियांचा ८ असेल तर २५. एका ‘आठ’मध्ये दोन सेंटिमीटरचा घोळ! परदेशातल्या नातेवाइकांकडून आलेले जोड विक्रीला निघतात तेव्हा हा घोळ हमखास होतो, कारण विकणाऱ्यालाही तो नंबर कुठल्या देशाचा हे ठाऊक नसते.

मुलांच्या नंबरात आणखी एक खोच आहे. इंग्लिश पद्धतीत लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि मग पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणजे ‘एक नंबर’ रांगत्या बाळाचाही असतो आणि सात-आठ वर्षांच्या मुलाचाही. फोटोत शेजारी काही नसेल तर बूट केवढा आहे याचा अंदाज येत नाही.

आपला पाय रुंद आहे, हे लक्षात असू द्या

लांबी जुळली तरी बूट चावतो, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीय पाय युरोपीय पायापेक्षा साधारणपणे रुंद असतो, असे त्यातून दिसले. त्याच्या आधारावर ‘भा’ नावाची भारतीय मापनपद्धती सुचवण्यात आली आहे. जुन्या बाजारात मात्र यापुढेही बरीच वर्षे यूके, युरोप आणि अमेरिकेचेच नंबर फिरत राहणार.

पाय रुंद म्हणून आपल्यापैकी अनेकजण एक नंबर मोठा बूट घेतात. त्यामुळे पंजा मोकळा होतो, पण टाच सुटते आणि बूट जिथे वाकायला हवा तिथे वाकत नाही. अशा माणसाला ‘तुमचा नंबर किती?’ विचारले तर तो नऊ सांगेल, पाय मात्र आठचा असेल. म्हणून स्वतःच्या नंबरावरही फार विसंबू नये. परदेशी बुटांच्या लेबलवर रुंदीचे अक्षर असते. अमेरिकी पद्धतीत पुरुषांसाठी ‘डी’ ही नेहमीची रुंदी, ‘२ई’ रुंद आणि ‘४ई’ त्याहून रुंद. स्त्रियांसाठी ‘बी’ नेहमीची आणि ‘डी’ रुंद. रुंद पायाला ‘२ई’ लिहिलेला योग्य लांबीचा जोड मिळाला, तर एक नंबर मोठ्या बुटापेक्षा तो कधीही चांगला.

घरातल्या सर्वांची मापे एकदा घेऊन ठेवा

यासाठी कोरा कागद, पेन्सिल आणि पट्टी पुरे. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या वावराने पाय थोडा फुगतो. ज्या प्रकारचे मोजे घालणार ते घालून उभे राहावे. बसून घेतलेले माप कमी भरते.

कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. टाच भिंतीला लावा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या आणि सर्वांत लांब बोटापाशी खूण करा. हे बोट दरवेळी अंगठाच असेल असे नाही, पुष्कळांचे दुसरे बोट लांब असते. भिंतीपासून खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे पायाची लांबी. मग पंजा जिथे सर्वांत रुंद आहे, तिथे दोन्ही बाजूंना खुणा करून रुंदी मोजा. दोन्ही पाय मोजा. थोडा फरक बहुतेकांच्या पायांत असतो. जो पाय मोठा, त्याचे माप धरायचे.

दुसरे माप याहूनही उपयोगी आहे. आपल्याला छान बसणारा एखादा बूट घ्या आणि त्याच्या आतली, काढता येणारी गादी म्हणजे इनसोल बाहेर काढा. सपाट करून तिची टाचेपासून टोकापर्यंतची लांबी आणि पंजाकडची रुंदी मोजा. विक्रेत्याकडूनही आपण हेच माप मागणार आहोत, त्यामुळे तुलना थेट होते.

ही मापे फोनमध्ये टिपून ठेवावीत. मुलांची मात्र दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावीत. लहान वयात पाय वर्षाला एक-दोन नंबरांनी सहज वाढतो.

तीन आकडे, तीन अर्थ

अनेकांचा गोंधळ होतो तो इथे. लेबलवरचे सेंटिमीटर, इनसोलचे सेंटिमीटर आणि तळाचे सेंटिमीटर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

लेबलवर २६.५ लिहिले असेल तर तो बूट २६.५ सेंटिमीटर लांब पायासाठी आहे. त्याची तुलना थेट आपल्या पायाशी करावी.

इनसोल मोजून २७.५ भरली, तर त्यात साधारण २६.५ सेंटिमीटरचा पाय बसेल. बंद बुटात बोटांपुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी. धावण्याच्या आणि ट्रेकच्या बुटांत ती थोडी जास्त असलेली बरी, कारण उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखे आपटतात. टोकदार फॉर्मल बुटांत पुढचा निमुळता भाग वायाच जातो, म्हणून तिथे केवळ लांबीवर भरवसा ठेवू नये.

बुटाच्या खालच्या तळाची लांबी सर्वांत फसवी. स्पोर्ट्स शूजचा तळ पुढे-मागे पसरलेला असतो. विक्रेत्याने ‘बूट ३० सेंटिमीटर आहे’ असे सांगितले तर ते बहुधा बाहेरचे माप असते. ते सोडून द्यावे आणि आतले मागावे. इनसोल निघत नसेल तर पुठ्ठ्याची किंवा जाड कागदाची पट्टी बुटात टोकापर्यंत सरकवून टाचेपाशी खूण करायला सांगावे. दोन मिनिटांचे काम आहे. ज्याला खरोखर विकायचे आहे, तो ते करतो.

बुटातली आधीच्या मालकाची खूण

‘दुसऱ्याची चप्पल घालू नये’ असे आपल्या घरांतून सांगत आले आहेत. त्यामागची श्रद्धा बाजूला ठेवली तरी त्यात एक व्यवहारी सत्य आहे. वापरलेल्या पादत्राणाला नंबराखेरीज आणखी एक माप असते, ते म्हणजे आधीच्या मालकाच्या पायाचे आणि चालीचे. काहीजण टाचेच्या बाहेरच्या बाजूवर भार देतात, काहीजण आतल्या. तळ त्याप्रमाणे झिजतो, गादी त्याप्रमाणे दबते. तिरका झिजलेला बूट आपल्या पायात आला की घोटा आणि गुडघा त्या तिरकसपणाशी जुळवून घेऊ लागतात.

म्हणून फोटो मागताना समोरून काढलेला एकच सुंदर फोटो पुरेसा मानू नये. पुढचे फोटो आवर्जून मागावेत :

- दोन्ही तळ, पूर्ण लांबीचे, चांगल्या उजेडात.
- मागून दोन्ही टाचा शेजारी-शेजारी, बूट सपाट जागी ठेवून. टाच एका बाजूला कललेली असेल तर लगेच दिसते.
- इनसोल बाहेर काढून, पट्टीसह. अंगठ्याच्या व टाचेच्या जागी किती खोल ठसा आहे ते पाहावे.
- टाचेच्या आतले अस्तर. इथे भोक पडले असेल तर बूट बराच वापरलेला आहे.
- जिभेमागचे लेबल, वाचता येईल असे.

धावण्याच्या बुटांबद्दल विशेष काळजी घ्यावी. त्यांचा मधला फोमचा थर साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर दबून जातो. वरून बूट नवा दिसतो, पण पायाला उसळी मिळत नाही. ‘सहा महिनेच वापरला’ या उत्तराला अर्थ नाही, रोज किती धावत होता हे विचारावे.

न वापरलेला म्हणजे नवा नव्हे

‘बॉक्समधून काढलाच नाही, पाच वर्षे तसाच आहे’ ही जाहिरात मोहात पाडणारी. पण अनेक बुटांचे तळ पॉलियुरेथेन नावाच्या पदार्थाचे असतात. ट्रेकिंगच्या आणि काही फॉर्मल बुटांत तर तो फारच असतो. हवेतल्या दमटपणाने हा पदार्थ आतून हळूहळू तुटत जातो. बूट घातला काय, नाही घातला काय, ही क्रिया चालूच राहते. कोकण, गोवा, मुंबई किंवा आपले बेळगाव, चार महिने पावसाळी हवा असलेल्या ठिकाणी बंद खोक्यात ठेवलेल्या बुटाला तर ती हमखास गाठते. मग पहिल्याच ट्रेकला तळ चिकट होतो, भुगा होतो किंवा अखंड सुटून हातात येतो. गोंदही जुना होऊन सोडतो. जंगलवाटेवर, घरापासून दूर असे झाले तर प्रश्न पैशांचा राहत नाही.

म्हणून बूट कधी बनला हे विचारावे. खोक्यावरच्या किमतीच्या लेबलवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. काही कंपन्या जिभेमागच्या लेबलवरही तारीख छापतात. जोड जुना असेल तर विक्रेत्याला तळाची बाजू अंगठ्याने जोरात दाबून आणि बूट पंजापाशी वाकवून छोटा व्हिडिओ पाठवायला सांगावे. बारीक तडे, पांढुरकी भुकटी किंवा चिकटपणा दिसला तर किंमत कितीही कमी असो, नको म्हणावे.

काय घ्यावे, काय घेऊ नये

मुलांचे फुटबॉलचे किंवा क्रिकेटचे बूट, एखाद्या समारंभात घातलेले फॉर्मल बूट, नुकतेच घेतलेले पण न बसलेले स्पोर्ट्स शूज, पावसाळी गमबूट या वस्तू जुन्या घ्यायला चांगल्या. वापर कमी झालेला असतो आणि पायाचा ठसा खोल उमटलेला नसतो.

नुकत्या चालू लागलेल्या बाळासाठी वापरलेले बूट टाळावेत. त्याचा पाय अजून घडत असतो आणि दुसऱ्या मुलाच्या चालीचा साचा त्याला नको. मोठ्या मुलांच्या बाबतीतही ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून दोन नंबर मोठा बूट घेण्याचा मोह आवरावा. बोटांपुढे एक-सव्वा सेंटिमीटर जागा पुरे. त्याहून जास्त असली तर मूल बोटे आवळून बूट पकडून ठेवते आणि अडखळते.

मधुमेही ज्येष्ठांसाठी तर जुने पादत्राण घेऊच नये. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. बूट चावतो आहे, आत टाका टोचतो आहे, हे कळतच नाही आणि लहानशी जखम वाढत जाते. अशांसाठी मऊ एमसीआर रबराच्या चपला मिळतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि पायाच्या मापाने नव्याच घ्याव्यात.

कोल्हापुरीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण हा आपल्या घरचा विषय. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे जिल्हे आहेत, तसेच कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही आहेत. अथणी परिसरातल्या कारागिरांचा त्यात मोठा वाटा आहे. ही चप्पल वनस्पतींच्या साली व हिरड्यासारख्या फळांनी कमावलेल्या चामड्याची. नवी असताना ती कडक असते, थोडी चावतेही, आणि मग घालणाऱ्याच्या पायाप्रमाणे बसते. अंगठ्याची गोल पट्टी आणि तळाचे चामडे यांवर त्या एकाच पायाचा आकार कोरला जातो. म्हणून वापरलेली कोल्हापुरी दुसऱ्याच्या पायात फारशी सुखाने बसत नाही. घेतलीच तर एक-दोनदा घातलेली घ्यावी आणि न भिजलेली असल्याची खात्री करावी. हातकामाच्या चपलेत नंबरापेक्षा तळाची सेंटिमीटरमधली लांबी आणि अंगठ्यापाशी पट्ट्याची रुंदी विचारणे जास्त शहाणपणाचे. पाय तळाच्या कडेच्या आत राहायला हवा. शिवाय आपल्यासाठी अथणी काही दूर नाही. तिथली नवी जोडी कारागिराकडून पाय दाखवून घेता येते, हे सुख ऑनलाइनवाल्या सगळ्यांना नाही.

पैसे देण्यापूर्वी

किमतीची तुलना मूळ छापील किमतीशी करू नये. तोच किंवा तशाच प्रतीचा नवा जोड आज दुकानात केवढ्याला मिळतो, त्याच्याशी करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या नव्या जोडीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे. जुन्या जोडाच्या किमतीत कुरिअर, नवी इनसोल आणि लागलीच तर शिलाई हा खर्च मिळवा. बेरीज नव्या जोडीच्या जवळ जात असेल तर सरळ खडेबाजारात जाऊन, पायात घालून नवा घ्यावा.

शक्य असेल तिथे समक्ष पाहून पैसे द्यावेत. लांबचा व्यवहार असेल तर पूर्ण रक्कम आधी देण्याचे टाळावे. विकताना एक गोष्ट घरातल्या ज्येष्ठांनाही सांगून ठेवावी. आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी कधीही यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही किंवा क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, एवढा कोड स्कॅन करा’ म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

जोड आला, पण नीट बसत नाही

पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा. बूट संध्याकाळी, घरात, स्वच्छ फरशीवर घालून पाहावा. बाहेर घालून गेलात की परत देण्याचा प्रश्नच मिटतो. बूट बसत नसेल तर काय जमेल आणि काय जमणार नाही, ते असे :

लांबीला आखूड असेल तर काहीही करता येत नाही. ‘वापरून सैल होईल’ ही आशा सोडावी आणि जोड दुसऱ्याला द्यावा.

रुंदीला थोडा आवळत असेल आणि अस्सल चामड्याचा असेल, तर दुरुस्ती करणारे कारागीर फर्म्यावर चढवून तो सैल करून देतात. घरी जाड मोजे घालून रोज अर्धा तास वावरले तरी फरक पडतो. रेक्झिन आणि प्लॅस्टिकचे बूट मात्र ताणत नाहीत. हेअर ड्रायरने तापवण्याचे उपाय करू नयेत, गोंद सुटतो.

अर्धा नंबर मोठा असेल तर जाडसर इनसोल, टाचेच्या आत चिकटवायची गादी किंवा जाड मोजे यांनी भागते. बुटाला सर्वांत वर जास्तीचे भोक असेल तर त्यातून नाडीचा फास करून बांधावी, टाच उचलत नाही. दोन पायांत फरक असेल तर फक्त लहान पायाच्या बुटात पातळ गादी घालावी.

एक नंबर किंवा त्याहून मोठा असेल तर भरणा करत बसू नये. बुटाची वाकण्याची जागा आपल्या पंजाच्या पुढे गेलेली असते. पाय घसरतो, फोड येतात.

बूट बसला तरी पहिल्या दिवशीच घालू नये. पायाच्या नायट्याची बुरशी बुटात बराच काळ टिकते. जुनी इनसोल व नाड्या काढून टाकाव्यात, कापडी बूट साबणाने धुवावेत, चामड्याचे ओल्या फडक्याने पुसावेत. आत जंतुनाशक फवारा किंवा बुरशीनाशक पावडर मारून जोड दोन-तीन दिवस वाऱ्यावर पूर्ण वाळवावा. चामडे कडक उन्हात ठेवू नये, तडकते.

विक्रेत्याला पाठवायचा मजकूर

पुढील मजकूर जसाच्या तसा पाठवता येईल. हिंदी, कन्नड किंवा इंग्रजीत करून घेतला तरी चालेल.

“नमस्कार. जोड घेण्याची इच्छा आहे. कृपया एवढे कळवावे : १) लेबलवरचे सर्व नंबर आणि सेंटिमीटरचा आकडा, फोटोसह. २) इनसोल बाहेर काढून तिची लांबी व पंजाकडची रुंदी, पट्टी ठेवून फोटो. ३) दोन्ही तळांचे आणि मागून टाचांचे फोटो. ४) केव्हा घेतला, किती वापरला, उत्पादनाचे वर्ष. ५) शिलाई, चिकटवणे असे काही काम केले आहे का? ६) नाही बसला तर परत घ्याल का?”

सहापैकी चार प्रश्नांना नीट उत्तर देणाऱ्याशी बोलणी पुढे न्यावीत. ‘नंबर लिहिलाय ना’ म्हणणाऱ्याला धन्यवाद द्यावेत आणि थांबावे.

आपल्या सभासदांपैकी कुणी जोड विकणार किंवा देणार असेल, तर जाहिरातीतच इनसोलचे माप आणि उत्पादनाचे वर्ष लिहावे, टाचांचा फोटो जोडावा. घेणाऱ्याला विचारावे लागत नाही आणि देणाऱ्याकडे परत येत नाही. शाळा सुरू होण्याआधी, मे महिन्यात मुलांची मापे घेऊन ठेवली तर जूनमधली धावपळही वाचेल.